लग्नपत्रिकेच्या जाळीवर संवेदक: छपाईच्या तंत्राने अधिक संवेदनशील इलेक्ट्रोड-पट्ट्या बनवण्याचा क्रम

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रसायनशास्त्र शिकवतो. विहिरीच्या पाण्यातले शिसे कमी खर्चात मोजता यावे, यासाठी आम्ही महाविद्यालयात छापील इलेक्ट्रोड-पट्ट्या बनवायला घेतल्या. पहिली दोन वर्षे माझी समजूत अशी होती की संवेदनशीलता ही महागड्या नॅनोपूडमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या पुडीत असते. पूड आली, पट्ट्यांवर तिचे थेंब वाळवले, मोजलेल्या प्रवाहाच्या आलेखातली शिखरे उंचही झाली, पण एका पट्टीचे उत्तर दुसऱ्या पट्टीशी कधी जुळले नाही. गावातल्या लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या दादांकडे आठवडाभर बसल्यावर दोष कुठे आहे ते उमगले. आमची छपाईच एकसारखी नव्हती. जाळी, शाई आणि वाळवण एकदा ताब्यात आली की साध्या ग्राफाइटच्या पट्टीतूनही पुष्कळ काही मिळते. ज्या गोष्टींत माझा वेळ आणि विद्यार्थ्यांचा उत्साह वाया गेला, त्यातून तुमची सुटका व्हावी म्हणून हा क्रम लिहीत आहे.

हे तंत्र नवे नाही. उपकेंद्रात रक्तातली साखर तपासतात ती पट्टी याच कुळातली आहे. १९८७ साली बाजारात आलेल्या एक्झॅकटेक या पेनाच्या आकाराच्या यंत्रात अशाच स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापलेल्या पट्ट्या वापरल्या जात.

सुरुवातीला जमवायचे साहित्य आणि कागद

छपाईसाठी पॉलिएस्टर जाळीची नवी फ्रेम, द्रावकाला टिकणारे फोटो इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप), पॉलियुरेथेन रबराची स्क्वीजी (जाळीवर शाई ओढायची पट्टी), बिजागरी लावलेले टेबल, साधारण १७५ ते २५० मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर फिल्म, वाहक कार्बन शाई, चांदीची शाई आणि विद्युतरोधक शाई लागते. मोजणीसाठी पोटेन्शिओस्टॅट (ठरवलेले विभव, म्हणजे व्होल्टेज, देऊन प्रवाह मोजणारे यंत्र), मल्टिमीटर, तापमान नियंत्रित ओव्हन, मायक्रोपिपेट आणि ऊर्ध्वपातित पाणी हवे. पोटेन्शिओस्टॅटच्या किमतीने घाबरून जाऊ नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चीपस्टॅटसारखे खुले आराखडे उपलब्ध आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक सोबत असतील तर त्यांवरून यंत्र जुळवता येते.

कागदपत्रांत, महाविद्यालयाच्या खरेदी समितीला लागणाऱ्या दरपत्रकांसोबत, प्रत्येक शाईचे तांत्रिक माहितीपत्रक आणि सुरक्षापत्रक पुरवठादाराकडून लेखी मागून घ्या. शाई मागवण्यापूर्वी तिची मुदत कधी संपते आणि ती किती अंशांवर किती वेळ वाळवायची, हे विचारा. आमच्याकडे एकदा मुदतीला जेमतेम महिना उरलेली चांदीची शाई आली. खरेदीची मंजुरी होऊन काम सुरू होईपर्यंत ती डब्यात दाटून बसली होती.

१. काय मोजायचे ते आधी ठरवा

आपल्या भागात पाण्याचा प्रश्न म्हटला की यवतमाळ-चंद्रपूरकडचे लोक फ्लोराइडबद्दल विचारतात. कार्बनच्या छापील पट्टीवर फ्लोराइड मोजता येत नाही, कारण कार्बनच्या पृष्ठभागावर सोयीच्या विभवाला त्याची कोणतीच विद्युत-रासायनिक क्रिया होत नाही. त्यासाठी लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा वेगळा इलेक्ट्रोड लागतो. नायट्रेटचेही तसेच आहे. साध्या कार्बनवर नायट्राइटचे ऑक्सिडीकरण दिसते, पण नायट्रेटसाठी तांब्यासारखा वेगळा पृष्ठभाग लागतो. शिसे आणि कॅडमियम मात्र कार्बनवर बिस्मथचा थर देऊन चांगले मोजता येतात. पाऱ्याऐवजी बिस्मथ वापरण्याची ही रीत २००० साली पुढे आली आणि पाऱ्याच्या विषारीपणातून सुटका झाली. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे. तुमची पट्टी या आकड्याच्या बरीच खाली पाहू शकली तरच ती उपयोगाची, हे लक्ष्य पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवा.

२. आराखडा काढा

पट्टीवर तीन इलेक्ट्रोड असतात: ज्यावर क्रिया घडते तो कार्यकारी, प्रवाहाची वाट पूर्ण करणारा सहायक आणि विभवाची तुलना ज्याच्याशी करायची तो चांदीचा संदर्भ. कार्यकारी चकतीचा व्यास ३ मिलिमीटर ठेवा. संदर्भ तिच्या जवळ असावा आणि सहायकाचे क्षेत्र तिच्यापेक्षा मोठे असावे. रेषांची रुंदी आणि त्यांमधली जागा सुरुवातीला अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

प्रत्येक पट्टीच्या कडेला ४० मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद अशी कार्बनची एक मोकळी रेघ काढा. ही परीक्षेची रेघ आहे. तिच्यात २ मिलिमीटरचे २० चौकोन मावतात, त्यामुळे मल्टिमीटरने मोजलेल्या रोधाला २० ने भागले की एका चौकोनाचा रोध मिळतो आणि त्यावरून छपाईचा थर जाड पडला की पातळ, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळते.

एक सापळा इथेच टाळा. चांदीची वाहक रेघ कार्यकारी चकतीच्या खाली नेऊ नका. वरच्या कार्बनमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहिली, तर त्यातून चांदी विरघळते आणि तिचे स्वतःचे शिखर आलेखात उमटते. आम्ही ते शिखर काही आठवडे आमच्या संवेदकाचे यश समजत होतो.

३. जाळी तयार करा

कार्बनसाठी सेंटीमीटरला ७७ धाग्यांची जाळी चांगली. तिची उघडी जागा साधारण ८० मायक्रॉनची असते, आणि शाईतला सर्वांत मोठा कण जाळीच्या उघड्या जागेच्या एक तृतीयांशापेक्षा लहान असावा, हा छपाईतला जुना नियम तिथे पाळला जातो. पत्रिकेच्या रंगासाठी वापरलेली जुनी फ्रेम धुऊन वापरू नका, कारण जाळीत अडकलेला रंग पुढे द्रावकात सुटतो. इमल्शन अंधाऱ्या खोलीत, धूळ न बसू देता आडवे वाळवा आणि पॉझिटिव्हची, म्हणजे आराखडा छापलेल्या पारदर्शक फिल्मची, शाईची बाजू इमल्शनला टेकवून एक्सपोज करा (उजेड द्या). उलटी ठेवली तर प्रकाश कडेने आत शिरतो आणि रेघा अरुंद होतात. दादा पत्रिकेची फ्रेम उन्हात अंदाजाने एक्सपोज करतात आणि त्यांचा अंदाज चुकत नाही. आपल्याला मात्र दिवा, अंतर आणि मिनिटे ठरवूनच काम करावे लागते.

४. छापा

संवेदकाचे भवितव्य या पायरीवर ठरते, म्हणून इथे घाई करू नका.

फिल्म आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कापूस न वापरता विनातंतू कापडाने कोरडी करा. कापसाच्या हंगामात आमच्या गावाच्या हवेत जिनिंगमधला तंतू तरंगत असतो. तो चकतीवर बसला की त्या जागी छिद्र पडते, म्हणून त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवून आणि फरशी ओली पुसूनच आम्ही छापतो.

शाई वापरण्यापूर्वी डबा हळूहळू, बुडबुडे न होऊ देता ढवळा, कारण ग्राफाइट आणि चांदी दोन्ही तळाशी बसतात. वरची पातळ शाई छापली की रोध वाढतो आणि डब्यातली उरलेली शाई कायमची बिघडते. जाळी आणि फिल्म यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा, म्हणजे स्क्वीजी पुढे सरकताच जाळी मागून स्वतःहून सुटते आणि कडा स्वच्छ येते. स्क्वीजी ४५ ते ६० अंशांत धरून एकाच वेगाने, एकाच दिशेने आणि मध्ये न थांबता ओढा. पट्टीवर दिशेची खूण करून ठेवा, कारण ग्राफाइटचे पापुद्रे ओढण्याच्या दिशेत लोळतात आणि आडव्या छापलेल्या पट्ट्यांचे वर्तन उभ्यांपेक्षा वेगळे येऊ शकते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जाळीवरच शाई वाळू लागते. मी तेव्हा थिनर टाकून ती पातळ करत असे. दादांनी मला तिथेच अडवले. थिनरने शाई वाहते, कडा पसरते आणि थर पातळ होतो, म्हणून शाई पातळ करू नका, हळू उडणारा रिटार्डर थेंबभर वापरा आणि पहाटे छापा, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही सकाळी सातच्या आत छपाई संपवतो. पुरवठादाराने सुचवलेलाच रिटार्डर वापरा, कारण अनोळखी द्रावकात शाईतले बंधक (कणांना धरून ठेवणारा पदार्थ) गुठळ्या धरते.

क्रम असा: आधी चांदी, ती वाळल्यावर कार्बन, तोही वाळल्यावर शेवटी विद्युतरोधक थर. कार्बनचे दोन हात द्या, पण पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. प्रत्येक पानावरच्या पहिल्या आणि शेवटच्या रांगेतल्या पट्ट्या बाजूला काढा, कारण स्क्वीजी जिथे टेकते आणि जिथे उचलते तिथे थर वेगळा पडतो. एवढ्या पट्ट्या फेकताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या फेकाव्यात.

५. वाळवा

माहितीपत्रकात शाईसाठी १२० अंश लिहिलेले असते, पण साधी पॉलिएस्टर फिल्म ८० अंशांच्या पुढे आकसू लागते आणि पुढच्या थराची जुळणी चुकते. उष्णतेला स्थिर केलेली फिल्म घ्या. ती मिळत नसेल तर कोरी फिल्म छपाईपूर्वीच ओव्हनमध्ये तासभर त्याच तापमानाला ठेवून आकसून घ्या. अर्धवट वाळलेल्या पट्टीत द्रावक उरते आणि तिचा पार्श्वप्रवाह (मोजायचा पदार्थ नसतानाही वाहणारा प्रवाह) दिवसेंदिवस सरकत राहतो. मध्येच वीज गेली तर ती बॅच वेगळी ठेवून वहीत नोंद करा आणि चांगल्या पट्ट्यांत मिसळू नका. पावसाळ्यात हवेतला ओलावा पट्टीवर बसतो, म्हणून थंड होताच हवाबंद पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा.

६. रोधक थर आणि संदर्भ

रोधक थराने कार्यकारी चकतीचे क्षेत्र ठरते. तो वाकडा पडला की क्षेत्र बदलते आणि क्षेत्राबरोबर प्रवाहही. नखरंगाने हा थर हाताने देण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. एक-दोन पट्ट्यांपुरता तो ठीक आहे, पण ज्या पट्ट्यांची एकमेकींशी तुलना करायची त्यांच्यासाठी थर छापाच.

मग संदर्भाच्या चांदीवर ०.०५ मोलर फेरिक क्लोराइडचा एक थेंब मिनिटभर ठेवून धुवा. चांदी करडी होते, म्हणजे तिच्यावर चांदीच्या क्लोराइडचा थर बसला. थेंब कार्बनवर ओघळू देऊ नका.

हा छापील संदर्भ पाण्यातल्या क्लोराइडवर अवलंबून असतो, आणि विदर्भात हे विशेष जपावे लागते. क्लोराइडचे प्रमाण दहापट झाले की २५ अंशांना त्याचे विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातले पाणी घेतले आणि शेजारच्या गोड्या विहिरीचे घेतले, तर एकाच शिशाचे शिखर दोन जागी दिसेल. एका विहिरीत लिटरला ५० मिलिग्रॅम आणि दुसरीत १,००० मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर हा फरक सुमारे ७७ मिलिव्होल्टचा होतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नमुन्यात आणि प्रत्येक प्रमाणित द्रावणात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड घालणे. त्याने लिटरला सुमारे ३.५ ग्रॅम क्लोराइड आपणच पुरवतो आणि विहिरीतला फरक त्यात बुडून जातो.

७. पट्टीची परीक्षा घ्या

आधी मल्टिमीटरने परीक्षेच्या रेघेचा रोध मोजा आणि बॅचच्या सरासरीपासून १० टक्क्यांहून अधिक दूर असलेल्या पट्ट्या काढून टाका. मग ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५ मिलिमोलर पोटॅशियम फेरीसायनाइड घेऊन सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने चक्रीय व्होल्टॅमोग्राम (विभव पुढे-मागे फिरवत काढलेला प्रवाहाचा आलेख) काढा. रँडल्स आणि शेवचिक यांच्या सूत्राने, विसरण गुणांक (द्रावणात पदार्थ किती वेगाने पसरतो तो आकडा) सेकंदाला ७.६ गुणिले दहाचा उणे सहावा घात चौरस सेंटीमीटर धरला, तर ३ मिलिमीटरच्या चकतीवर सुमारे ५९ मायक्रोअँपियरचे शिखर यायला हवे. ते निम्मेच आले तर चकतीचा बराचसा भाग बंधकाने झाकलेला आहे किंवा इलेक्ट्रॉनची देवघेव फार मंद आहे. दोन शिखरांमधले अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्ट असते. नुकत्या छापलेल्या कार्बनवर ते २०० किंवा ३०० मिलिव्होल्टही दिसते. घाबरू नका, पुढची पायरी त्यासाठीच आहे.

फेरीसायनाइडचे द्रावण तीव्र आम्लात कधीही मिसळू नका, कारण त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. या द्रावणासाठी आणि आम्लांसाठी वेगवेगळ्या टाकाऊ बाटल्या ठेवा.

८. पृष्ठभाग मोकळा करा

छापलेल्या कार्बनवर बंधकाचा पातळ पापुद्रा असतो आणि ग्राफाइटच्या ज्या कडांवर इलेक्ट्रॉनची देवघेव वेगाने होते त्या त्याखाली दबलेल्या असतात. संपृक्त सोडियम कार्बोनेटमध्ये १.२ व्होल्ट विभव ५ मिनिटे दिले की हा पापुद्रा निघतो, शिखरे जवळ येतात आणि उंच होतात. खर्चाच्या मानाने संवेदनशीलता वाढवणारा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. विभव आणि वेळ वाढवू नका. त्याने पृष्ठभाग खरवडला जाऊन पार्श्वप्रवाह फुगतो.

९. आणखी संवेदनशीलता हवी असेल तर

इथे एक हिशेब समजून घ्या. संवेदनशीलता म्हणजे अंशांकन रेषेचा (ज्ञात प्रमाणांची द्रावणे मोजून काढलेल्या प्रमाण-प्रवाहाच्या रेषेचा) चढ. शोधमर्यादा, म्हणजे पट्टीला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, ही कोऱ्या (शिसे न घातलेल्या) द्रावणाच्या मोजण्यांतले प्रमाणित विचलन गुणिले ३.३, भागिले तो चढ. समजा, मायक्रोग्रॅममागे चढ ०.२ मायक्रोअँपियर आहे आणि विचलन ०.४ आहे, तर शोधमर्यादा ६.६ मायक्रोग्रॅम येते. नॅनोपूड घालून चढ दुप्पट केला आणि थेंब वेडावाकडा वाळल्याने विचलनही दुप्पट झाले, तर उत्तर तेच राहते. चढ तसाच ठेवून केवळ छपाई सुधारली आणि विचलन ०.१ वर आणले, तर मर्यादा १.६५ वर उतरते. माझी दोन वर्षे कुठे गेली ते या तीन ओळींत आहे.

थेंब वेडावाकडा का वाळतो, हे फरशीवर सांडलेल्या चहाच्या डागात दिसते. कडेचे पाणी आधी उडते, मधले द्रव कडेकडे धावते आणि कण तिथेच जमतात. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ही ओढ अधिकच असते. म्हणून कार्बन नॅनोनलिका किंवा ग्राफीन वापरायचेच असेल, तर ते थेंबाने न टाकता शाईतच मिसळून छापा. वजनाच्या १ टक्क्यापासून सुरुवात करा. प्रमाण वाढत गेले की शाई घट्ट होते आणि वाळलेल्या थराला भेगा पडतात.

दुसरी वाट इंकजेटची आहे. स्क्रीनने पट्टीचा पाया छापायचा आणि इंकजेटने फक्त कार्यकारी चकतीवर सक्रिय पदार्थाचे पिकोलिटर मापाचे थेंब मोजून टाकायचे. त्यामुळे प्रत्येक पट्टीवर पदार्थ सारखा पडतो. पण स्क्रीनची शाई इंकजेटमध्ये चालत नाही. इंकजेटची शाई पाण्याच्या साधारण दहापट दाट असते आणि तिच्यातला कण तोटीच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागापेक्षा लहान लागतो. तोटी २० मायक्रॉनची असेल तर कण ०.४ मायक्रॉनच्या आत हवा. हे न जाणता ग्राफाइटची पूड पाण्यात कालवून कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये भराल, तर पहिल्याच पानावर तोटी बुजेल.

१०. शिसे मोजा

सामू (पीएच) ४.५ चा ॲसिटेट बफर, त्यात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड आणि लिटरला ५०० मायक्रोग्रॅम बिस्मथ घ्या. बिस्मथ नायट्रेट साध्या पाण्यात टाकले तर पांढरा गढूळपणा येतो, म्हणून मूळ द्रावण विरल नायट्रिक आम्लातच करा. ढवळत असताना उणे १.२ व्होल्ट विभव १२० सेकंद द्या, म्हणजे धातू चकतीवर जमतील, मग ढवळणे थांबवून १० सेकंद शांत राहू द्या आणि स्क्वेअर वेव्ह पद्धतीने (विभव चौकोनी स्पंदनांनी पायरीपायरीने बदलत) धन बाजूकडे जा. कॅडमियमचे शिखर उणे ०.८ व्होल्टच्या आसपास आणि शिशाचे उणे ०.५५ च्या आसपास दिसेल. रसायनांतही शिशाचा अंश असतो, त्यामुळे उच्च शुद्धतेची रसायने घ्या आणि किमान १० कोरी मोजणी करून त्यांचे विचलन काढा.

तापमानाची नोंद प्रत्येक वेळी करा. विसरण दर अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी काढलेली अंशांकन रेषा एप्रिलच्या दुपारी चालत नाही.

११. विहिरीवर जा

नमुन्याची प्लास्टिक बाटली १० टक्के नायट्रिक आम्लाने धुतलेली असावी. नमुना घेताच त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणा, नाहीतर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते. मोजण्यापूर्वी बफरने सामू पुन्हा ४.५ वर आणून खात्री करा.

संत्र्याच्या बागेतल्या विहिरीचे पाणी असेल तर अधिक सावध राहा. बागांवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. पाण्यात तांबे उतरले असेल तर ते बिस्मथच्या थरात शिशाशी स्पर्धा करते आणि शिशाचे शिखर दबते, म्हणजे दूषित पाणी स्वच्छ भासते. अल्प प्रमाणात पोटॅशियम फेरोसायनाइड घातल्याने तांबे बांधले जाते. त्याशिवाय प्रत्येक नमुन्यात ज्ञात प्रमाणात शिसे दोन-तीनदा वाढवून मोजा. वाढवलेल्या शिशाचा चढ बफरमधल्या चढापेक्षा बराच कमी आला, तर पाण्यात काहीतरी आड येत आहे.

शिशाचे टाकाऊ द्रावण मोरीत ओतू नका. ते झाकणाच्या बाटलीत, तारीख लिहून साठवा.

विहिरीवर लोक गोळा होतात आणि पाणी कसे आहे ते तिथेच विचारतात. त्यांच्या पोराबाळांच्या पिण्याचा प्रश्न असतो, म्हणून पट्टीवरचा आकडा तिथे जाहीर करू नका. त्याच वेळी, त्याच विहिरीतून दुसरी बाटली भरा, सील करा, तिच्यावर गाव, विहीर, तारीख आणि वेळ लिहा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत शिशाची तपासणी कशी करता येईल ते विचारून पाठवा. तो अहवाल येईपर्यंत पट्टीचा आकडा तुमच्या वहीतच असू द्या, आणि अहवाल आला की दोन्ही आकडे घेऊन सरपंचांकडे आणि विहिरीच्या मालकाकडे स्वतः जा.